मरव्याला तीन शिफ्टा पाणी

प्रिय अण्णा,

रागात लिहितोय, आधीच सांगतो. तुमचा मरवा सडला. आज गुरुवार, कंपनीला सुट्टी, म्हणून खोलीतले आम्ही तिघं एकदम जागे होतो. आणि आजच कळलं, तो कुणी मारला. तिघांनी मिळून!

तुम्ही गेल्यावर आईनं गावाकडच्या मरव्याला पाणी घालणंच सोडलं. रोज सकाळी तुम्ही एक काडी खुडून तिच्या अंबाड्यात खोवायचे. सारी गल्ली हसायची तुम्हाला! तुमच्या दहाव्याला शेजारच्या काकू तिला म्हणाल्या, "आता केसात काही घालायचं नसतं, बाई." मरवा वाळत गेला. शेवटच्या चार हिरव्या काड्या मी ओल्या रुमालात गुंडाळून एसटीनं इथं चिखलीला आणल्या.

खोलीपुढं रंगाच्या रिकाम्या डब्यात लावल्या. जगल्या की! फुटवे आले. पान चोळलं की तुमच्या बोटांचा वास यायचा. आईला फोन करून म्हणालो, दिवाळीला आणतो. तर ती म्हणाली, "जाऊ दे लेका. माणूस गेलं, तिथं झाडाचं काय घेऊन बसलास?" पण फोन ठेवायच्या आधी विचारलंच तिनं, "वास आहे का रे त्याला?"

ते ऐकल्यापासून जिवाला घोर लागलाय, अण्णा.

मग पानं पिवळी पडली, शेंड्यांनी माना टाकल्या. वाटलं, तहानलाय. रोज तांब्याभर पाणी घालायला लागलो. आज डबा हलवला तर आत काळा चिखल आणि घाण वास! मी ओरडलो, "कुणी घातलं एवढं पाणी?"

"मी शिफ्टवरून आल्यावर एकच तांब्या घालतो," बाळू म्हणाला.

"मी पण एकच," संतोष म्हणाला.

माझाही एकच. तिघांच्या शिफ्टा तीन!

"भावा, ओव्हरटाइम आपल्याला सोसत नाही, त्याला काय सोसणार?" संतोष हसला. मला हसू आलं नाही. डबा लाथाडणारच होतो.

खरं सांगू? जास्त राग तुमचा आला. एकदा तरी सांगायचं ना! शाळा सातवीत सोडली, मान्य. पण हे काय शाळेत शिकवतात? विचारलं की म्हणायचे, "बघत जा." काय बघू? तुम्ही मातीत बोट खुपसून उगं बसायचे आणि कितीकदा पाणी न घालताच उठायचे. मला वाटायचं, अण्णांना कामधंदा नाही. बोट कोरडं निघाल्याशिवाय पाणी नाही, एवढं एक वाक्य बोलायला तुमचं काय जात होतं?

शेंड्याच्या दोन काड्या अजून हिरव्या होत्या. त्या कापल्या. समोरच्या बांधकामावरून ओंजळभर वाळू उचलली, वॉचमनच्या शिव्या खाल्ल्या. काळा चिखल ओतून टाकला, डब्याला खिळ्यानं भोकं पाडली. तीसुद्धा आधी कुणाला सुचली नव्हती! खालची पानं काढून काड्या वाळूत लावल्या, डबा सावलीत ठेवला. दोघांना बजावलं, आता पाणी फक्त मी घालणार.

"आणि तू नाईटला असलास की?" बाळूनं विचारलं.

"राहू दे तहानलेला!"

लागतील का हो त्या, अण्णा? दुसरा तुमचा मरवा मी कुठून आणू?

एक जरी लागली ना, तर दिवाळीला आईच्या अंबाड्यात मी खोवीन. काकूंच्या देखत. आईनं काढून टाकली, तर दुसऱ्या सकाळी परत खोवीन. शब्द देतो.

आत्ताच बोट घालून बघितलं. ओलं आहे. उगं बसलोय.

तुमचा,
गणेश