नळीत काय होतं

आबा, पाठ फिरवून बसायची काय गरज होती, ते मला अजून कळलेलं नाही. समोरच्या गॅरेजवाल्याने बघू नये म्हणून तुम्ही शेडच्या कोपऱ्यात जायचात, ते ठीक. पण कोपऱ्यात मीच असायचो, आणि मलाच म्हणायचात, "जा रे, चहा सांगून ये." चहा सांगून येईपर्यंत तुमचं काम उरकलेलं. विचारलं तर म्हणणार, "बघून शिक." बघू काय, तुमची बंडी?

देवळाली कॅम्पातल्या साहेबलोकांच्या विलायती मोटरसायकली यायच्या, दोन-दोन कार्बोरेटरच्या. एक जास्त हवा ओढतो, दुसरा कमी, की गाडी लंगडते. ते मोजायचं मीटर मुंबईला मिळायचं म्हणे. किंमत ऐकून तुम्ही नुसते हसलात. पुढे पोटाच्या दुखण्याने सिव्हिलला होतात, तेव्हा सलाईनची नळी तुमच्या डोळ्यात भरली. निघताना नर्सला म्हणालात, "शिष्टर, ही फेकणारच ना? मग मला द्या." ती म्हणाली, "काका, घरी जाऊन स्वतःच लावून घेता काय?" "नाय, गाडीला लावायची हाय." ती हसत राहिली आणि आई लाजून दाराबाहेर जाऊन उभी राहिली. मोडक्या पाटावर ती नळी खाली वाकवून ठोकलीत, वाकात तेल भरलंत, दोन टोकं दोन कार्बोरेटरला. ज्या बाजूला तेल चढेल तो जास्त ओढतोय. मग सायकलच्या स्पोकचं टोक ठोकून केलेला तुमचा तो स्क्रूड्रायव्हर घेऊन स्क्रू फिरवत बसायचं, दोन्हीकडे तेल सारखं होईपर्यंत. सगळ्याचा खर्च चहाइतका. पण नळीच्या टोकांत तुम्ही काहीतरी बसवायचात, आणि तेवढ्यापुरतीच पाठ फिरवायचात.

शेडमध्ये माझं बूड टेकत नव्हतं, हे तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही गेलात, चार वर्षं कशीबशी काढली आणि निघालो. आता मस्कतला आहे. माझ्या हाताखाली लोडर, डंपर, सगळी डिझेलची धुडं. डिझेलला कार्बोरेटर नसतो, आबा. इथे काही करून बघावं म्हटलं तर कशावर बघू?

शेड बारका चालवतो. तिकडे आता जोड कार्बोरेटरच्या नव्या गाड्या निघाल्यात, द्राक्षवाल्यांची पोरं उडवत फिरतात. बारक्याला वाटलं, आपले दिवस आले. त्याने माळ्यावरून तुमचा पाट काढला. नळी पिवळी पडून कडक झालेली, म्हणून मेडिकलमधून नवी आणली आणि जुनी फेकली. जुनीच्या टोकांत काहीतरी अडकलेलं त्याला दिसलं होतं. त्याला वाटलं, कचरा. आता गाडी चालू केली की तेल नुसतं नाचतं, काही वाचताच येत नाही. सायखेड्याच्या एकाची गाडी तर सगळं तेल पिऊन बसली आणि रस्ताभर पांढरा धूर. तो बारक्याला म्हणाला, "तुझ्या बापाचं नाव ऐकून आलो होतो." आणि गाडी ढकलत समोरच्या गॅरेजात घेऊन गेला.

तेव्हापासून पत्रावर पत्र. "भाऊ, आबा आत काय घालायचे ते कळव. नायतर शेड बंद करतो, मला तिकडं घे." मी लिहिलं, कापूस घालून बघ. पत्र जायला पंधरा दिवस, यायला पंधरा. कापसाने तेल हललंच नाही. मग लिहिलं, दोरा घाल. दोरा इंजिनात गेला, आणि आणखी एक गिऱ्हाईक तुटलं. मीटरला पैसे पाठवतो म्हणालो, तर लिहितो, "आता लावू कुणाच्या गाडीला?"

मी डोळे मिटून आठवत बसतो. तुम्ही नळीचं टोक तोंडात धरून हळूच फुंकता, मान हलवता, मनासारखं नसलं की पुन्हा भिंतीकडे तोंड करता. खांदा हलतो तुमचा. बोटांत काय आहे ते दिसत नाही. कितीदा आठवलं तरी मी उभा आहे तिथूनच आठवणार ना.

त्याला इकडे आणायचं म्हणजे काय, हे मी कुणाला सांगू? एका खोलीत आठ जण. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, सुट्टी साहेबाच्या मर्जीवर. तो आला की आई घरात एकटी. ती शेजारणीकडून लिहवून घेते, "त्याला कसंही करून थांबव. तुला आबांनी सांगितलं असंल, तू थोरला."

तुम्ही मला सांगितलं नव्हतं, हे मी अजून दोघांनाही लिहिलेलं नाही. आठवत नाही, एवढंच लिहितो. थोरल्याला सांगितलं असणार असं ते धरून चालतात, आणि आबा, खरं सांगू, मला ते बरं वाटतं.

हे पत्र गादीखाली राहील. पाकिटात घालायचा आहे तो ड्राफ्ट, सकाळी बँकेतून काढून आणलाय. बारक्याचा पासपोर्ट आणि मुंबईच्या एजंटाचा पहिला हप्ता, दोन्ही मिळून अडीच हजार रुपये.