मंद होत जाणारे दिवे

जालना, १८ नोव्हेंबर २०२४

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

आबांसोबत मेंढ्या घेऊन शहागडला नदीकाठी पोचलात, हे आईकडून कळलं. फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतेस, म्हणून लिहितोय. परतूरचे धर्मराजशेठ माझ्याकडून प्रोग्राम करून घेताहेत. खतासाठी कोणाच्या शेतात मेंढ्या बसवायच्या, ते मोबाईलवर ठरेल. दिवाळीत गच्चीवर पडून तू सांगितलेलं मी त्यांना बोललो: नकाशावर प्रत्येक कळपाचा दिवा, कळप हलला की दिवा मंद होत जाणार, म्हणजे मागून येणाऱ्याला कळेल की तिथलं गवत अजून वाढायचंय. शेठ खूश झाले. पण करारात आहे, प्रोग्राममध्ये घातलेलं सगळं त्यांचं. मंग तुला ते पुन्हा करता येणार न्हाई. घालू का? उत्तर जल्दी दे, जीव लागून आहे.

तुझा दादा, रामेश्वर

शहागड, २६ नोव्हेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

आबांचा गुडघा बरा, जीभ त्याहून बरी. तुझं पत्र वाचून लई वेळ पाण्याकडं बघत बसले. धुक्यात पलीकडचा काठ दिसत नव्हता. दादा, ते दिवे मला झोपेतही दिसतात. न विचारता घातले असतेस तर मी तुझ्याशी बोललेच नसते. आबा म्हणाले, कुलूप लागणार असलं तर देऊ नको. कोणताही मेंढपाळ फुकट वापरील आणि आपल्यालाही करता येईल, असं शेठ लिहून देत असतील तर घाल, न्हाईतर न्हाई. तुझं काम जाईल, एवढीच धाकधूक. माया पातळ करू नको.

छकुली

जालना, १२ डिसेंबर

चि. छकुलीस आशीर्वाद.

शेठनी लिहून दिलं न्हाई. पुढचं कामही दुसऱ्याला दिलं. त्यांनी मागितला तेवढा प्रोग्राम मी बराबर पुरा करून दिला, तो त्यांचा. आपला दिव्यांचा प्रोग्राम कोऱ्यापासून लिहून राह्यलो. त्यांच्या प्रोग्राममधली एक ओळही उचलणार न्हाई. वेळ लागेल. आबांना सांभाळ, मला शिव्या कमी दे.

रामेश्वर

शहागड, २ मार्च २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

काल मागून गोजरबाईचा कळप आल्ता. आम्ही परवा सोडलेल्या तळाकडंच येत होती. वाटेत थांबून तिनं मोबाईलवर आपले दिवे पाहिले आणि मेंढ्या वरच्या माळाकडं वळवल्या. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. धूळ खाली बसली, कळप दिसेनासा झाला, तरी मी तिथंच उभी. आबांनी हाक मारली तेव्हा कळलं, मी एकटीच हसून राह्यले.

लवकर ये. वाट बघते.

तुझी छकुली