वरातीतलं इटलीचं गाणं

मुरुम,
मंगळवार, १२ मे १९६४

प्रिय ताहेरा,

सोमलिंगचं लग्न झालं. माझा धाकटा भाऊ घोड्यावर बसला, हे अजून खरं वाटत नाही. पाहुणे जेवून आडवे झालेत, घरभर सुकत चाललेल्या मोगऱ्याचा वास आहे आणि मी आप्पांच्या आडत दुकानाच्या मागच्या खोलीत, करडईच्या पोत्यांना टेकून तुला लिहिते आहे. तीच आपली खोली. रेडिओही त्याच फळीवर आहे.

सिलोनवर ते गाणं लागलं की तू माझा हात घट्ट धरायचीस. शब्द इंग्रजी, पण गाणं इटलीचं. आपल्याला त्यातलं 'इटली' एवढंच कळायचं, कारण भूगोलाच्या नकाशात समुद्रात सोडलेला तो बूट आपण पाहिला होता. मग पोस्टातले मुनवरभाई आप्पांची तार घेऊन आले, तेव्हा तू त्यांना अर्थ विचारलास. ते म्हणाले, तिथं चंद्र समुद्रातून वर येतो, द्राक्षांचे वेल घरांवर चढतात आणि जीव जडला की लोक त्या माणसाच्या खिडकीखाली उभं राहून गातात. खिडकीचं सांगताना त्यांनी तुझ्याकडं बघायचं टाळलं, तेव्हाच मला कळलं. त्या उन्हाळ्यात उमरग्याच्या रस्त्यावर धूळ उठली तरी मला पलीकडं समुद्र असल्यासारखं वाटायचं. आपण दोघी अर्ध्या झोपेत चालत होतो जणू.

घरी तू तेच गुणगुणायचीस आणि तुझ्या अब्बांनी, आपल्या बँडवाल्या हनीफचाचांनी, ऐकून ऐकून ते क्लॅरोनेटवर बसवलं. मुरुमच्या वरातीत इटलीचं गाणं! लोकांना वाटायचं, नव्या सिनेमातलं असेल. पुढं तू अब्बांच्या मनाविरुद्ध मुनवरभाईंशी लग्न करून कळंबला गेलीस आणि हनीफचाचांनी ते गाणं सोडलं. तीन वर्षं त्यांच्यासमोर तुझं नाव काढायची कुणाची हिंमत नव्हती. माझीसुद्धा.

परवा सोमलिंगची वरात दिवेलागणीला दुकानासमोर थांबली. पोरं सिनेमातली गाणी मागत होती. चाचांनी एकदा बोळातून दिसणाऱ्या आपल्या या खोलीच्या खिडकीकडं पाहिलं, क्लॅरोनेट ओठाला लावलं आणि तेच गाणं धरलं. फार सावकाश, एखाद्याला झोपेतून हलकेच उठवावं तसं. ढोलवाल्यांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी काठ्या खाली घेतल्या. मधेच एका वळणावर चाचा अडले. सूर सापडेना. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या सासरची माणसं शेजारीच होती, तरी मी पुढचा तुकडा मोठ्यानं गुणगुणले. त्यांनी तो उचलला आणि गाणं शेवटापर्यंत नेलं.

नंतर ते पायरीवर चहा घेत बसले. बशीकडं बघत म्हणाले, "महानंदा, खरं सांग. हे गाणं तिला कुणी शिकवलं?"

मी खरं ते सांगितलं. रेडिओनं दिलं, पण समजावलं मुनवरभाईंनी.

त्यांनी बशी खाली ठेवली. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, पण ते हसत होते. "या अल्ला! म्हंजे गावातल्या समद्या वराती मी जावयाच्याच गाण्यावर काढल्या की!" डोळे मात्र पुसले त्यांनी.

येत्या रविवारी दुपारच्या एसटीनं ते कळंबला येतायत. "तिला कळवू नको," असं मला बजावलंय. तरी लिहिते आहे, कारण दाराला कुलूप दिसलं तर ते तसेच परततील आणि पुन्हा येण्याचं बळ त्यांना होणार नाही. घरीच राहा. मागचं काही काढू नकोस. आणि तुझ्या फरिदाचं मी त्यांना काही सांगितलेलं नाही. त्यांना नात झाली आहे, हे त्यांनाच ठाऊक नाही. ते माझ्या तोंडून कळायला नको. दार उघडायला जाशील, तेव्हा तिला कडेवर घे.

तुझीच,
महानंदा