दोन खाचांची टोपणं

मॅनिटोवॉक, ४ मे १९२९

चि. राइनहोल्ड यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली सॉसेजची माळ पोचली, लगेच माळ्यावर टांगली. तुमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची बिअर काल भरली, अठ्ठेचाळीस बाटल्या. सरकारची बंदी आहे, तेव्हा पत्र वाचून शेगडीत घाल.

फेस धरावा म्हणून बाबांच्या रीतीने प्रत्येक बाटलीत चमचाभर साखर मी घातली, टोपणं अर्विनने दाबली. टोपणं दाबायच्या बाबांच्या यंत्राचा टवका उडालाय, त्यामुळे दर टोपणावर एक खाच उमटते. अर्विनने दारू सोडून चार वर्षं झाली. भरताना त्याने बोटसुद्धा चाटलं नाही. नवरा सुधारला म्हणायचा.

लोभ आहेच, त्याला फेस येऊ दे.
तुझी ओटिली

मॅनिटोवॉक, ११ मे

चि. राइनहोल्ड यास आशीर्वाद.

मनातलं तुलाच सांगते. गुरुवारी चर्चमधली गाण्याची तालीम संपवून घरी आले, तर अर्विनची बाही ओली आणि तिला बिअरचा वास. विचारलं, तर म्हणाला तुला भास झाला. तळघरात जाऊन पाहिलं. अकरा टोपणांवर दोन दोन खाचा. म्हणजे उघडून पुन्हा दाबलेली. हा पितो आणि वर पाणी भरतो, दुसरं काय?

तळघराला कुलूप ठोकलंय, किल्ली माझ्याकडे. खरंच पुन्हा प्यायला लागला असेल तर मी ट्रंक भरून तुझ्याकडे येणार, मग तीस वर्षांच्या संसाराचं काय व्हायचं ते होवो. आणि सॉसेज पाठवणार होतास ना? कबूल करून विसरायची तुझी खोड जुनीच.

लोभ असावा, संशय माझ्यापुरता पुरे.
ओटिली

मिलवॉकी, १४ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

सॉसेज पोचल्याचं तूच लिहिलं होतंस. पत्र शेगडीत घातलं नसतं तर पुरावा दाखवला असता. अर्विनला प्यायचीच असती तर अख्खी बाटली पळवली असती, टोपणं परत लावत कशाला बसला असता? आईसारखी किल्ल्या कमरेला बांधून घरच्यांवर पहारा करू नकोस. तरी त्याला खडसावून पत्र टाकलंय.

माझ्यावरचा लोभ अर्विनवरही थोडा सांड.
तुझा राइनहोल्ड

मॅनिटोवॉक, १७ मे

प्रिय राइनहोल्ड, स. न. वि. वि.

तुझ्या शिव्या पोचल्या. मी थेंब घेतलेला नाही. भरायच्या दिवशी ओटिलीने सगळ्या बाटल्यांत साखर घातली. मी वर टोपणं आणायला गेलो. परत येतो, तर ती पहिल्या बाटलीपासून पुन्हा साखर घालत होती. अगं, घातलीस ना, असं मी म्हणालो. अजून हातच लावला नाही, म्हणाली, आणि असं बघितलं की मी मुकाट टोपणं दाबायला घेतली. या वयात तिची शिकवणी कुठे घेऊ?

दुप्पट साखरेने काच फुटते. म्हणून ती तालमीला गेली की एकेक टोपण सैल करून मी दाब सोडत होतो आणि तेच पुन्हा दाबत होतो. फेस बाहीवर उडायचा. आता किल्ली तिच्याकडे. काल आत दोन फुटल्या. मांजर असेल, म्हणाली. ती दिवा घेऊन खाली गेली आणि तेव्हाच एखादी उडाली तर? मला झोप लागत नाही. तू काहीतरी कारण रच आणि किल्ली सोडव. खरं मात्र तिला सांगू नकोस. मला दारुडा म्हणाली तरी चालेल.

लोभ ठेव, हे पत्रही जाळ.
अर्विन

मॅनिटोवॉक, २२ मे

चि. राइनहोल्ड यास आशीर्वाद.

बिअरसाठी आणलेलं माल्टचं सत्त्व वाईट निघालं आणि अर्विनला दाब सोडायला तूच सांगितलंस, असं तू लिहितोस. लहानपणापासून तुला धड खोटं बोलता येत नाही. एक बाटली अंगणात नेऊन उघडली. फेस पार खिडकीच्या वर गेला. उरली ती चाखली, गोड मिट्ट. हे माल्ट नव्हे, साखर. आणि या घरात साखर मीच घालते.

मग माळ्यावर गेले. सॉसेजची माळ टांगलेली होती, गाठ माझ्या हातची.

आई शेवटी किल्ल्या कमरेला बांधून आपल्याला चोर म्हणायची आणि आपण दोघं हसायचो. मला फार भीती वाटते रे.

किल्ली अर्विनच्या हातात दिली. पुढच्या वेळी साखर तू घाल, टोपणं मी दाबीन, एवढंच म्हणाले.

लोभ मला आठवेल तोवर मी ठेवीन, पुढे तुम्ही दोघांनी सांभाळावा.
तुझी ओटिली