जाड तारेची साधना

३ फेब्रुवारी, सकाळी १०

बेस गिटार घरी आली. लांबी आमच्या इस्त्रीच्या टेबलाएवढी. वजन चार किलो दोनशे ग्रॅम. दुकानदार चार म्हणाला होता, घरी आल्यावर तोलून पाहिलं. चौतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतो, सवय जात नाही. तारा फक्त चार. साध्या गिटारीला सहा असतात, म्हणजे एक तृतीयांश काम आधीच वाचलं.

कारण नोंदवून ठेवतो. नातीच्या बँडमधला बेसवाला नोकरी लागून दुसऱ्या गावी गेला. १२ एप्रिलला वाचनालयाच्या सभागृहात त्यांचा कार्यक्रम, आणि २० एप्रिलला नात शिकायला परदेशी जाणार. तीन वर्षं. काल जेवताना म्हणाली, बेसशिवाय कसं होणार कोण जाणे. मी म्हणालो, मी आहे ना. ती हसली, मग माझ्याकडे नीट पाहिलं, मग म्हणाली, बघू हं आजोबा. ही म्हणाली, अहो, तुम्हाला साधी शिट्टी वाजवता येत नाही.

संकल्प: रोज दोन तास. सबबी नाहीत.

४ फेब्रुवारी

सबब नव्हे, पण गिटारीला पट्टा नाही. आज सराव नाही.

खोल आवाजाशी माझं नातं जुनं आहे. चौथीत शेवटच्या तासाला कवितेच्या बाई सगळ्या वर्गाकडून कविता म्हणून घ्यायच्या. खिडकीतून तिरपं ऊन, उन्हात खडूची धूळ, चाळीस आवाज एका चालीत आणि टेबलावर बाईंची पट्टी. त्या तासासाठी मी तापातही शाळेत जायचो. पाहुण्यांसमोर कविता म्हणायची वेळ आली तेव्हा बाईंनी मला मागच्या रांगेत उभं केलं आणि कानाशी येऊन सांगितलं, तू नुसते ओठ हलव. माझ्या खोल आवाजाखाली बाकीचे एकोणचाळीस दबले असते. बाई तसं बोलल्या नाहीत, पण मला कळलं.

६ फेब्रुवारी

मास्तर मिळाले. वय एकोणतीस. दिवसा लिफ्ट दुरुस्त करतात, संध्याकाळी किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरच्या खोलीत शिकवतात. हाताला ग्रीसचा वास. म्हणाले, काका, पहिला आठवडा वाद्याला हात लावायचा नाही. रोज पंधरा मिनिटं एखादं गाणं लावायचं आणि त्यातला नुसता बेस ऐकायचा.

वहीत लिहून घेतलं. धडा पहिला: ऐकणे. हा लहान मुलांसाठी असावा. मी त्र्याहत्तर वर्षं ऐकतच आलो आहे. थेट धडा दुसरा.

१० फेब्रुवारी

धडा दुसरा: उजव्या हाताची पहिली दोन बोटं तारेवर आळीपाळीने चालवायची, माणूस रस्त्याने चालतो तशी. माझं पहिलं बोट निघतं, दुसरं चप्पल शोधत बसतं.

तर्जनीला फोड. हिला दाखवला. म्हणाली, कुठे आहे? चष्मा लावून पाहिला तरी म्हणाली, कुठे आहे?

खालच्या मजल्यावरच्या बाई येऊन विचारून गेल्या, तुमचं वॉशिंग मशीन बिघडलंय का. म्हणजे खोली साधली आहे.

१६ फेब्रुवारी

मास्तरांनी फोनवर मेट्रोनोम घालून दिला. टक टक करतो, आपण त्याच्याबरोबर वाजवायचं. यंत्र सदोष आहे. सुरुवातीला बरोबर असतो, मग मागे पडतो, मग एकदम पुढे धावतो.

१७ फेब्रुवारी

रीतसर तपासणी केली. मेट्रोनोम साठवर लावून भिंतीवरचं घड्याळ, स्वयंपाकघरातला टायमर आणि माझी नाडी यांच्याशी ताडून पाहिला. मिनिटाला बरोबर साठ ठोके. तीनदा. मी गिटार घेतली की पुन्हा बिघडतो. नोकरीत असे तराजू पाहिले आहेत, निरीक्षक दारात दिसला की काटा थरथरायचा. निष्कर्ष: यंत्र एकटं असताना ठीक चालतं, माणसासमोर बुजतं.

यापुढे मेट्रोनोम बंद. माझ्याकडे त्याहून जुनं माप आहे. बाईंनी पट्टीवर घोटून घेतलेलं: यमाचा यमाचा यमाचा यमाचा. एक लघु, दोन गुरू, पाच मात्रा. साठ-पासष्ट वर्षांत एक मात्राही हललेली नाही. त्यावरच वाजवणार. हात कसा सरसर चालतो!

२३ फेब्रुवारी, रविवार

बँडबरोबर पहिली तालीम. जागा दातांच्या दवाखान्यातली बसायची खोली. ड्रमवाली तिथेच कामाला आहे, रविवारी किल्ली तिच्याकडे. भिंतीवर कापून दाखवलेल्या दाढेचं चित्र, खाली ड्रम. नात गाते आणि साधी गिटार वाजवते. गाणी चार, सगळी तिनेच केलेली. मी चारही गाण्यांत.

फार छान झालं. ड्रमवालीचा ठेका चारचा, माझा यमाचा पाचचा. दर पाच फेऱ्यांनी आम्ही दोघे बरोबर एकाच ठोक्यावर भेटतो. भेटलो की मी तिच्याकडे बघून हसतो. ती हसत नाही. एकाग्र मुलगी आहे.

नात म्हणाली, आजोबा, तुम्ही माझ्या पुढे जाता. मी म्हणालो, वडीलधाऱ्यांनी पुढेच असावं. ती हसली, पण थोडी उशिरा.

२७ फेब्रुवारी

मास्तरांना पाचाची पद्धत वाजवून दाखवली. म्हणाले, काका, गाणं चारचं आहे. मी म्हणालो, पाचात चार येऊन जातातच. मास्तर बराच वेळ छताकडे बघत राहिले, कुठलीतरी अडकलेली लिफ्ट आठवल्यासारखे. मग विचारलं, पहिला धडा झाला होता ना? मी म्हणालो, केव्हाच.

९ मार्च, रविवार

नातीने मला तीन गाण्यांतून मोकळं केलं. म्हणाली, आजोबा, तुम्ही फक्त जिन्याच्या गाण्यात या. ते माझं सगळ्यात आवडतं आहे. हा मान आहे. महत्त्वाचं एकच काम जाणत्या माणसाकडे द्यायचं, आमच्या खात्यातही असंच होतं. शेवटच्या वर्षी माझ्याकडे फक्त एक पेट्रोलपंप होता.

ड्रमवालीने विचारलं, आजोबा, त्या गाण्याचे शब्द कसे वाटले? म्हणालो, अजून शब्दांपर्यंत आलो नाही, सध्या डाव्या हाताच्या अंगठ्यावर काम चाललंय. तिने नातीकडे पाहिलं. नात तार जुळवत होती.

खरं सांगायचं तर आजकालच्या गाण्यांना यमक नसतं. शब्दांकडे लक्ष देण्यात अर्थ नाही.

१६ मार्च, रविवार

माझं काम आणखी उंचीवर नेलं आहे. आता एकच तार, सगळ्यात जाड. डाव्या हाताने काही दाबायचं नाही, तार खुली. प्रत्येक फेरीच्या पहिल्या ठोक्याला एकदा, बस. नातीने चार बोटं दाखवून समजावलं: एक वर वाजवा, दोन-तीन-चार गप्प. ती चार वर्षांची असताना मी तिला असंच बोटांवर शिकवायचो. आता तिची बोटं माझ्याहून लांब आहेत.

डाव्या हाताचा अंगठा, ज्यावर तीन आठवडे घालवले, सेवानिवृत्त.

१८ मार्च, दुपार

हिने आज एक गोष्ट सांगितली. सांगायची नव्हती, भांडी घासताना निसटली. ड्रमवालीचं म्हणणं होतं की बेस कीबोर्डमध्ये भरून ठेवू, आपोआप वाजेल. नात म्हणाली, या गाण्यात आजोबा माझ्या शेजारी उभे राहणार म्हणजे राहणार, नाहीतर गाणंच नको.

ड्रमवालीला माझी धास्ती वाटते, हे उघड आहे.

दुपारी गिटार मांडीवर घेऊन बसलो. वाजवली नाही. २० एप्रिलनंतर रविवारी कुठे जायचं, याचा विचार केला. मग उठून तारा पुसल्या.

२५ मार्च

रोज दोन तासांचा संकल्प व्यवहार्य नाही. रोज एक तास. (आज नाही. पंख्याचा आवाज ठेक्यात अडथळा आणतो.)

६ एप्रिल, रविवार

शेवटची तालीम. अकरा वेळा वाजवलं, त्यांपैकी सात वेळा बरोबर जागी. बाकीच्या चार वेळा जागाच सरकली होती. मध्येच मला एक नक्षी सुचली, गप्प बसायच्या जागी यमाचा घालून. नातीने गाणं थांबवलं. म्हणाली, आजोबा, प्लीज. एवढंच. आवाज चढवला नाही, तरी दाढेच्या चित्राखाली सगळे जमिनीकडे बघत उभे राहिले.

संकल्प: नक्षी नाही. कार्यक्रमाच्या दिवशी तर मुळीच नाही. एक वर वाजवायचं. दोन-तीन-चार गप्प.

१२ एप्रिल, घरी परतल्यावर

घवघवीत यश! लगेच लिहून काढतो.

सभागृह भरलेलं. पहिली तीन गाणी पडद्याच्या कडेला खुर्चीवर बसून ऐकली. मग नातीने मला बोलावलं. पट्टा अडकवला, वायर जोडली, अ‍ॅम्पचा दिवा लाल. ड्रमवालीने चार मोजले. नात गायला लागली आणि, काय सांगू, दिवे माझ्या डोळ्यांवर असल्यामुळे बोटांकडे बघता येईना, म्हणून तिच्याकडे बघितलं, आणि तिचे शब्द कानावर पडले.

एक माणूस एका पोरीला खांद्यावर घेऊन जिना चढतोय. प्रत्येक पायरीला कवितेचा एक शब्द म्हणतोय. मध्येच विसरतो, मग पोरीला विचारतो, आपण कितव्या पायरीवर आहोत गं? तिला ठाऊक असतं, पण ती सांगत नाही. मग दोघं परत खाली जातात आणि पहिल्यापासून चढतात.

दुसऱ्या कडव्यापर्यंत मला वाटलं, असेल कुणी. मग त्या माणसाने पितळी वजनांची पेटी उघडली आणि सगळ्यात लहान वजन पोरीच्या तळहातावर ठेवलं.

त्यानंतर मी असा बुडून गेलो की बोटं चालताहेत याचंही भान उरलं नाही. मास्तर म्हणतात ना, एक दिवस हात स्वतःच वाजवतो. तो दिवस आज आला. शेवटचा सूर मी जाणूनबुजून जरा उशिरा दिला. सगळं शांत झाल्यावर. सभागृहात थोडं हसू, आनंदाचं, मग टाळ्या.

ड्रमवालीने हात हातात घेतला. म्हणाली, आजोबा, आज तुम्ही एकदाही माझ्या पुढे गेला नाहीत. मास्तर म्हणाले, काका, आज तुम्ही ऐकत होतात, लांबून दिसत होतं. नात तर गळ्यातच पडली, मध्ये चार किलो दोनशे ग्रॅमची गिटार.

ही म्हणाली, चला, उशीर झालाय.

१५ एप्रिल

विचार: माझा स्वतःचा बँड. नाव ठरवायला हवं.

१८ एप्रिल, संध्याकाळी ५

नातीने रेकॉर्डिंग पाठवलं. फोनवर ऐकलं. बेस ऐकू येत नाही. फोनचे स्पीकर लहान, खोल सूर त्यात मावत नाहीत.

१८ एप्रिल, ६ वाजता

मास्तरांकडून मोठे हेडफोन आणले. ड्रम स्वच्छ. नात स्वच्छ. दुसऱ्या कडव्यात कुणी खोकलं तेही स्वच्छ. बेस नाही. वायर सदोष असणार.

१८ एप्रिल, सव्वासहा

वायर सदोष नाही. गाणं तीन मिनिटं बारा सेकंदांनी संपतं. तीन मिनिटं सतराला एक सूर ऐकू येतो. खुली जाड तार. भरदार, निर्दोष. एकच.

हिला विचारलं. ही दुसऱ्या रांगेत होती. म्हणाली, तुमचा हात तारेवर नुसता ठेवलेला होता, हलला नाही. ओठ तेवढे हलत होते. मी म्हणालो, मग त्याच दिवशी का नाही सांगितलंस? म्हणाली, काय सांगायचं? इतकी वर्षं बघतेय, त्या दिवशी तुम्ही किती बरे दिसत होतात.

२० एप्रिल, दुपार

नात गेली.

निघताना मी म्हणालो, त्या रेकॉर्डिंगमधला शेवटचा सूर कापून टाक, चुकून राहिलाय. म्हणाली, आजोबा, त्यात बेस म्हणून तेवढाच तर आहे. तो नाही काढणार. मग पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढून दाखवला. त्यात एक ग्रॅमचं पितळी वजन, भोक पाडून अडकवलेलं. पाच वर्षांची असताना माझ्या पेटीतून लंपास केलं होतं. चौतीस वर्षं लोकांची खोटी मापं पकडली. माझ्या पेटीत सतरा वर्षं एक ग्रॅम कमी होता.

जप्त करायला हवं होतं. टॅक्सी निघाली.

२१ एप्रिल, सकाळी ११

मास्तरांना फोन केला. पहिला धडा केला नव्हता, हे सांगितलं. म्हणाले, माहितीये काका.

आज केला. धडा पहिला: ऐकणे, पंधरा मिनिटं. हेडफोन लावले, डोळे मिटले, जिन्याचं गाणं लावलं. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा झोप लागली.

ही म्हणते, घोरत मात्र अगदी ठेक्यात होतात. तिने मोजलं. चारच्या.