साखरेच्या छापाची बारा पोती

आये, मी बंगालमध्ये जाऊन आले. माझी मुलगी, जिला तू पाहिलं नाहीस, तिच्या नवऱ्याची बदली हुगळीच्या बाजूला झाली आहे. गणपती गेल्यावर तिनं माझं तिकीट काढलं आणि म्हणाली, घरात बसून किती पुस्तकं वाचशील, चल जरा बाहेर. दीड दिवसाचा प्रवास. बाजूच्या बाईंनी पडल्या पडल्या घोरायला सुरुवात केली, मी मात्र सकाळ झाल्यापासून खिडकी सोडली नाही. अकोला गेलं. दुपारी गोंदिया आलं तेव्हा मी उठून उभी राहिले. मुलगी म्हणाली, "काय गं आई, उतरायचं नाहीये आपल्याला." तिला काय सांगणार? गोंदिया म्हणजे माझ्यासाठी स्टेशन नव्हतं, तांदळाचं पोतं होतं. निळा छाप, एका बाजूला पुसट, आणि आत कोपऱ्यात अडकलेला मूठभर कोंडा. मग रायपूर आलं. तेही पोतंच. तू कणकवली आणि मुंबई सोडून कुठे गेली नाहीस, पण हा सगळा देश तुझ्या मांडीवरून गेला होता, उलटा करून, झटकून आणि शिवून.

साकीनाक्याच्या आतल्या गल्लीत बारदानाची वखार होती ती मला अजून डोळे मिटून चालता येईल. बाबांची गिरणी बंद पडली, ते भिंतीकडे तोंड करून झोपायला लागले, आणि तू असल्फ्याची टेकडी उतरून पोती शिवायला जायला लागलीस. रिकामी पोती ट्रकनं यायची, पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्यांत. हमालांच्या आकड्यांनी त्यांना भोकं पडलेली असायची. तुम्ही बायका ती उलटी करायचात, झटकायचात, दाभणात सुतळी ओवून भोकं बुजवायचात आणि ढीग लावायचात. धान्याचा ढीग वेगळा, सिमेंटचा वेगळा, भंगार भरायचा वेगळा. शाळा सुटली की मी तिथेच यायचे. तुझ्याशेजारी पालमूरकडून आलेली तेलुगू अक्का बसायची. गुंटूरच्या मिरचीचं पोतं आलं की ती ते झटकायच्या आधी तोंडाजवळ धरायची, दणादण शिंकायची आणि हसत म्हणायची, "हमारे उधर का है, पहचानता है मेरे को." तू म्हणायचीस, "पोतां तुका वळाखता, घोव वळाखता काय?" आणि दोघी अशा हसायचात की शेठ आतून ओरडायचा, "ओ बाई, टाके घाला, टाके."

तुला अक्षर ओळखता येत नव्हतं. तू वासावर काम करायचीस. पोतं उचललंस, नाकाजवळ नेलंस, बाजूला टाकलंस. हळद, सांगली. गूळ. तूर. युरिया. कधी कधी नुसतं "ह्या बोटीतून इलेला दिसता" म्हणायचीस, आणि खरंच त्यावर बंदराचा शिक्का निघायचा. शेठ व्यापाऱ्यांना सांगायचा, माझ्याकडे एक कोकणी बाई आहे, तिच्या हातून गेलेलं पोतं डोळे मिटून भरा. दुसऱ्या वखारींतून तुला बोलावणी यायची. तू जायची नाहीस, कारण इथे खिडकी होती आणि मला तिच्याखाली बसून अभ्यास करता यायचा.

अभ्यास कसला, मी पोतीच वाचायचे. मराठी-हिंदी येतच होतं. गुजराती म्हणजे वरची रेघ पुसलेलं, ते दोन महिन्यांत जमलं. मग अक्काला विचारून, ती गावाचं नाव सांगायची आणि मी अक्षरं जुळवायचे, अशी थोडी तेलुगू. माझी एक वही होती, त्यात मी गाव लिहायचे, पुढे माल लिहायचे. सातवीत होते आणि मला वाटायचं की वखारीत सगळ्यात जास्त मलाच कळतं. तू वास घेत बसायचीस तेव्हा मला जरा लाजही वाटायची. छापलेलं समोर असताना नाक कशाला लावायचं?

त्या दिवशी तुला ताप होता. सकाळी उठलीस, बसलीस, परत पडलीस. म्हणालीस, आज तू जा, अक्का आहे, फक्त ढीग लाव, आणि वास घेतल्याशिवाय एकही ठेवू नको. शाळेला सुट्टी होती. मी गेले. एक गठ्ठा उघडला, त्यात बारा पोती एकसारखी, कोल्हापूरकडच्या साखर कारखान्याच्या छापाची. साखरेचं पोतं म्हणजे सगळ्यात चांगलं, थेट धान्याच्या ढिगात. मी ती लावली. अक्कानं शिवली. दुपारी हातगाडी आली आणि ढीग घाटकोपरच्या धान्याच्या दुकानात गेला.

तू चारच्या सुमारास आलीस, पदर डोक्याला गुंडाळून. ताप उतरला नव्हता, पण घरात तुला राहवलं नाही. गठ्ठा ज्यात बांधून आला होता ते, त्याच छापाच्या तेराव्या पोत्याचं फाटकं गोणपाट खाली पडलं होतं, ते तू उचललंस आणि थांबलीस. तो चेहरा मला आत्ताही दिसतो. "ह्याच्यातली बाकीची खय आसत?" मी वही दाखवली. साखर, कोल्हापूर, बारा, धान्य. तू वहीकडे बघितलंसही नाही. तुला वासावरूनच कळलं, साखर कारखान्याची ती पोती कुठल्या तरी शेतकऱ्याकडे गेली होती आणि त्यानं त्यांत पिकावर मारायचं औषध ठेवलं होतं, ती पांढरी पावडर. छाप साखरेचाच राहिला. छापाला काय, पहिल्यांदा जे भरलं तेवढंच तो सांगतो.

तू शेठकडे गेलीस. तो म्हणाला, "बाई, बारदान आहे, दागिना नाही. झटकलंय ना? दोनशेत बारा. कोण मरतंय?"

"कोण मरता तां बघूक थांबू?"

"माल परत मागवला तर उद्या माझ्याकडून कोण घेईल?"

तू माझा दंड धरलास आणि आपण निघालो. साकीनाका ते घाटकोपर, तापात, भर रस्त्यातून. आता त्याच रस्त्यावर डोक्यावरून मेट्रो जाते, तीन मिनिटांत एक स्टेशन. मी त्यातून जाते तेव्हा खाली बघते आणि आपण दोघी कुठे असू ते शोधते. तू मध्ये दोनदा बसलीस, एकदा लाकडाच्या वखारीच्या पायरीवर आणि एकदा नुसती फुटपाथवर. मी म्हटलं, आये, घरी जाऊया. तू म्हणालीस, "भरल्यान आसतलो तर?" एवढंच.

दुकानदारानं चार पोती भरली होती. तांदळाची कणी. स्वस्त, म्हणजे आपल्यासारख्यांच्याच घरी जाणारी. पाचवं भरायला घेतलं होतं, फावडं वर होतं, आणि तू त्या पोत्याच्या तोंडात हात घातलास. गिऱ्हाइकं उभी होती. तो चवताळला. "ए, कोण तू? धंदा बुडवायला आलीस काय माझा?" तू पोत्याचं तोंड वर धरलंस आणि त्याला म्हणालीस, "ओरडू नको. वास घे." तो ओरडतच वाकला आणि त्यानं फावडं खाली ठेवलं. मग त्यानं स्वतः ती चारही पोती मागच्या मोरीत रिकामी केली. एक म्हातारी म्हणत होती, अरे धुऊन घेते की मी, टाकतोस काय, आणि तू तिचा हात धरून ठेवला होतास.

दुसऱ्या दिवशी शेठनं विचारलं, ही पोती कुणी लावली; आदल्या सकाळी तो बाहेर होता, तू चारला आलीस हे त्याला ठाऊक नव्हतं. मी तिथेच, खिडकीखाली. तू म्हणालीस, "मी."

"आणि वास नाही आला तुला?"

"ताप आसा. काल सकाळी नाक चोंदलेला."

"बाई, नाकासाठीच ठेवली होती तुला," तो म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो, हळूच म्हणाला, पण म्हणाला. अक्का मोठ्यानं बोलली, "इसका नाक गया? झूट." बोलताना ती तुझ्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. तू दाभण पदराच्या टोकाला बांधलंस आणि उठलीस. टेकडी चढताना अर्ध्यावर थांबून मला म्हणालीस, "तुका वाचूक येता, मगे नाक खय ठेवलंस गो?" मी रडायला लागले तेव्हा लगेच तुझा आवाज उतरला. "जाव दे. नाक तयार होवक वर्सां लागतत. तुका कसो येतलो वास."

मग तू दोन वखारींत विचारून आलीस. दोन्हीकडे बातमी आधीच पोचली होती, ती नाक गेलेली बाई. ज्यांनी तुला बोलावणी पाठवली होती त्यांनीच नाही म्हटलं. तू घरी येऊन ते हसत हसत सांगितलंस, नाकाला हात लावून, आसा मां हंयच? आणि पुढच्या महिन्यापासून घाटकोपरच्या इमारतींत धुणीभांडी धरलीस. मरेपर्यंत तेच केलंस. माझी शाळा सातवीलाच संपली. त्याबद्दल मला तक्रार नाही, ते तुला कळावं म्हणून लिहितेय. मी नंतर माझं माझं वाचलं. तुझा जावई टेम्पो चालवायचा, रद्दीच्या दुकानातून त्यानं मला शाळेचा एक नकाशासंग्रह आणून दिला, पानं सुटलेला. संध्याकाळी भाजी निवडता निवडता मी तो उघडायचे आणि तो विचारायचा, "काय गं, आज कुठल्या राज्यात?" मी म्हणायचे, ओडिशा. "मग जेवायला येशील ना परत?" त्याला जाऊन पाच वर्षं झाली. संध्याकाळी मी अजून नकाशा उघडते. विचारणारं कुणी नाही, तरी मनात राज्य सांगून टाकते. पुस्तकांत सगळं असतं, कुठे काय पिकतं, किती लोक, कुठली नदी. वाचताना दर वेळी मला वाटतं, हा छाप झाला. नंतर त्यात काय काय भरलं गेलं ते कुठे लिहिलंय? आपल्या टेकडीवरच बघ. आपला छाप कोकणचा. पण पंधरा वर्षं बाबांमध्ये गिरणीचा कापूस भरला होता आणि मग नुसतं रिकामं राहणं.

तर बंगाल. मुलीच्या घरामागे रस्ता आहे, आणि रस्त्याला लागून खड्डे, पाण्यानं भरलेले. त्यात ताग भिजत घालतात. एक बाई माझ्याच वयाची, मांडीपर्यंत त्या काळ्या पाण्यात उभी राहून, काडीवरून साल ओढून काढत होती. सर्रकन निघतं ते, केसांसारखं लांब. वास असा की मुलगी म्हणाली, आई, नाक धर आणि चल. मी तिथेच बसले. त्या बाईनं विचारलं, कहाँ से? मी म्हटलं, बंबई. "इतना दूर से पाट देखने आया?" पाट म्हणतात तागाला. मी सांगितलं, मेरी माँ पोता सीती थी. तिला पोता कळेना, मी हातवारे केले. "ओ, बोस्ता!" आणि मग एकदम तिच्या कपाळावर आठी. "सीता क्यों था? हमारा बोस्ता फटता है क्या?" मी घाईघाईनं म्हटलं, नाही नाही, हमाल लोग हुक मारता है. "हाँ, तो बोलो," म्हणाली आणि समाधानानं पुढची काडी घेतली. तुला ती आवडली असती. तिचे हात बघितले. तुझ्यासारखेच, नखांच्या कडा काळ्या, फक्त तुझे कोरडे फुटलेले असायचे आणि तिचे भिजून फुगलेले. तिनं ओल्या तागाची एक जुडी माझ्या हातात दिली आणि खुणेनं म्हणाली, घे वास. मी घेतला. सडकं पाणी, माती, आणि त्याखाली पोत्याचा तो नेहमीचा वास, अगदी कोवळा. मी तिथे बसून रडले. मुलगी घाबरली. त्या बाईला वाटलं मला गंध सोसला नाही, ती हसली.

गंध मला नेहमीच कळत होता, आये. तेच लिहायला बसले आणि इतक्या पानांनंतर आता लिहितेय. त्या सकाळी बारा पोत्यांपैकी पहिलं उचललं तेव्हाच मला वास आला होता. ओल्या भिंतीसारखा कुबट, वर जरा गोडूस. माझं नाक तयार होतं. तुझ्याच शेजारी बसून झालं होतं. मला कळलं की ही साखर नाही. पण छापलेलं होतं, आणि वहीत लिहिताना मला एकदा तरी तुझ्यापेक्षा बरोबर ठरायचं होतं. म्हणून पुढची अकरा मी नाकाजवळ नेलीच नाहीत.

तू मला माफ केलंस ते मला वास कळलाच नाही असं समजून. नाक गेलं ते तुझं नव्हतं, हे मी शेठला सांगायला हवं होतं, निदान अक्काला, निदान तुला. तुझ्या शेवटच्या दिवसांत इस्पितळात मी तुझ्या उशाशी बसून होते, तू विचारलंस, काय गो, काय बोलाचा आसा? मी म्हटलं, काय नाय, पेज पितंस?

आता हे चार कागद वहीत राहतील. आणि पोचले असते तरी तुला कुठे वाचता येत होतं. गावची पत्रं तुला मीच वाचून दाखवायचे, हेही मलाच दाखवावं लागलं असतं. खरं सांगते, वासाची ती ओळ आली असती तेव्हा मी ती गाळून पुढचं वाचलं असतं.