पाचशे दहा किलोमीटर, तोंडावर वारा

ता. ४ मार्च
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. रीत आहे म्हणून लिहिते, मनात आत्ता एकही नाही.

आईला काल दुसऱ्यांदा विमानतळावरून परत आणलं. मांडीवर पिशवी घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये तीन तास बसली, आणि शेवटी रेडिओवर वाऱ्याचं कारण देत तुझी प्रवाशांची यादी आली, तिचं नाव वगळून. तिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन तुझ्या गावच्या दवाखान्यात व्हायचं आहे. फेब्रुवारीतच करा, नाहीतर दृष्टी जाईल, हे तिथल्या डॉक्टरांनी तुलाच बजावलं होतं. तुमच्या वेळापत्रकात अंतर पाचशे दहा किलोमीटर आणि वेळ पावणेदोन तास छापली आहे. सख्ख्या आईला पावणेदोन तास बसवायला तुझ्याकडे जागा नाही? यादी तूच करतोस ना?

लोभ सध्या आटला आहे, कळावे.
ताई

ता. ८ मार्च
ती. ताईस शि. सा. न. वि. वि.
छापलेला आकडा वारा पडलेला असतानाचा असतो. इथून तुमच्याकडे येताना वारा पाठीशी, एक तास पंचवीस मिनिटं. परतताना तोच तोंडावर, दोन तास सात मिनिटं. तुमच्याकडे इंधन मिळत नाही, म्हणून परतीचंही इथूनच भरून पाठवतो. वारा वाढला की इंधन वाढतं, आणि वजन जुळवायला तुमच्याकडची एक-दोन माणसं गाळावी लागतात. कोणाला गाळायचं हे माझ्या हातात आहे, म्हणूनच आधी आपलं माणूस गाळायचं, हा नियम मी नोकरीला लागल्यापासून पाळतो. परक्याला उतरवून आईला बसवलं तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. घरबसल्या अक्कल शिकवणं सोपं असतं.

परवा गुरुवारी बघतो. जमलं नाही तर मीच येऊन तिला घेऊन जातो. आईला मनापासून नमस्कार, तुला रीतसर.
धाकटा

ता. १२ मार्च
चि. धाकट्यास आशीर्वाद.
गुरुवारी तिसऱ्यांदा परत आणलं. तिच्या जागेवर एक कंत्राटदार गेला. त्याला म्हणे मेहुण्याच्या लग्नाला जायचं होतं, त्यानेच हसत हसत सांगितलं. आता आईला उजव्या डोळ्याने फक्त उजेड कळतो. काल तिने चहा बशीच्या बाहेर ओतला आणि मलाच ओरडली.

तुझ्या अब्रूपायी तिने आंधळं व्हायचं, हा कुठला न्याय? तिला यातलं काही ठाऊक नाही. तिन्ही वेळा मी सगळा दोष वाऱ्यावर ढकलला. शेजारणींना ती सांगते, माझा मुलगा तिथे आहे, त्याचा जीव नुसता तुटत असेल. ऐकून माझ्या अंगाची लाही लाही होते.

तू मुळीच येऊ नकोस. परतीला तुझे पंचाहत्तर किलो विमानात बसले की आणखी एक माणूस गळणार, आणि तुझा नियम मला आता पाठ झाला आहे.

गोड शब्द हवे असतील तर आईकडे माग.
ताई

ता. १९ मार्च
ती. ताईस सा. न. वि. वि.
आई गुरुवारी पोहोचली. वारा होताच. या वेळी मी एका मास्तरीणबाईंना गाळलं आणि त्यांच्या शिव्या रेडिओवर ऐकून घेतल्या. शुक्रवारी डॉक्टरांनी तपासलं. उजवा डोळा गेला. डाव्यातही तेच सुरू झालं आहे, त्याचं ऑपरेशन येत्या शुक्रवारी व्हायलाच हवं.

बाहेर बाकावर बसल्यावर तिने विचारलं, वारा नेमका माझ्याच दिवशी कसा रे सुटायचा. मला खोटं बोलवलं नाही. सगळं सांगितलं, नियमासकट. तिने ऐकून घेतलं आणि घरी यायला नकार दिला. दवाखान्यातच खाट घेतली आहे. मी डबा नेतो, ती शेजारच्या खाटेवरच्या बाईला देते.

ऑपरेशनच्या कागदावर घरच्या माणसाची सही लागते. मी पेन काढलं तर तिने कागद उशीखाली घातला. नर्सला म्हणाली, इथे माझं घरचं कोणी नाही, मुलगी येईल तेव्हा सही होईल.

गुरुवारच्या यादीत पहिलं नाव तुझं लिहिलं आहे. मला काय हवं ते बोल, पण ये. लोभ मागायला तोंड उरलेलं नाही.
धाकटा